कुलपाची नीती

कुलूप चोरासाठी असते, अशी आपली सर्वांची समजूत आहे. थोडा विचार केला तर ती फारशी खरी नाही असे दिसते. चोराची आणि कुलपाची गाठ साऱ्या आयुष्यात एखादे वेळी पडते. कित्येक कुलपांच्या नशिबी ती मुळीच नसते. मालकाची गाठ मात्र रोज पडते. सकाळी आणि संध्याकाळी कुलूप त्यालाच अडवते, त्यालाच ओळख विचारते, आणि किल्ली हरवली तर त्यालाच पायरीवर बसवून ठेवते. जो माणूस येईल की नाही याचा भरवसा नाही, त्याच्या भीतीने आपण रोजच्या माणसाला, म्हणजे स्वतःलाच, अडवून धरतो. यात शहाणपण किती आणि अविश्वास किती, हा प्रश्न तसा जुनाच आहे. मला तो नव्याने पडला तो एका मोटारीमुळे.

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात नोकरीला आहे. मोटारींचा त्याला लहानपणापासून नाद. तेथे गेल्यावर त्याने एक जुनी, दोनच माणसे बसतील अशी स्पोर्ट्‌स मोटार घेतली. गाडी 1973 सालची. ती कोणत्या कारखान्याची हे सांगण्याचे कारण नाही, कारण पन्नास वर्षे वापरलेली कोणतीही वस्तू थकणारच. तर ही गाडी अलीकडे त्याला किल्लीच फिरवू देईनाशी झाली.

आपल्याकडे स्कूटरला 'हँडल लॉक' असते, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. हँडल एका बाजूला वळवून किल्ली फिरवली की आतला खिळा खाचेत जाऊन बसतो. मोटारीत हेच काम स्टिअरिंगच्या दांड्याला जखडलेले एक कुलूप करते. किल्ली काढून घेतली आणि चाक थोडेसे वळले, की स्प्रिंगच्या जोराने एक पोलादी खिळा दांड्यावरच्या खाचेत शिरतो. मग कोणी तारा जोडून इंजिन चालू केले तरी गाडी वळवता येत नाही. गाडी उभी करताना पुढची चाके फुटपाथच्या कडेला दाबून राहिली, तर दांड्याचा सगळा ताण त्या खिळ्यावर येतो आणि किल्ली जागची हलत नाही. अशा वेळी जो चिडून जोर करतो, तो किल्ली मोडून बसतो. खरा उपाय साधा आहे. एका हाताने चाक हलकेच डावीउजवीकडे हलवावे. ताण सुटला की दुसऱ्या हाताने किल्ली फिरवावी. हट्टाला बसलेल्या मुलांशी वागण्याची रीतही काही निराळी नाही.

पण माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीत हा उपाय काही महिनेच चालला. किल्लीचे दात झिजले होते आणि कुलपातल्या पट्ट्याही झिजल्या होत्या. ग्रॅफाइटची पूड घालून झाली, नवी किल्ली पाडून झाली. शेवटी कुलूपच काढायचे ठरले, आणि मग त्याच्या ध्यानात आले की हे कुलूप काढता येऊ नये अशाच बेताने बसवलेले आहे.

ते ज्या बोल्टांनी दांड्याच्या नळीला आवळलेले असते, त्यांची रचना मोठी विचार करण्याजोगी आहे. हे बोल्ट पाना लावून पिळत नेले की एका ठराविक ताणाला त्यांचे डोके मानेपासून तुटून पडते. मागे उरतो तो गुळगुळीत बुंधा. त्याला पाना लागत नाही, पेचकस लागत नाही. ज्याने तो बसवला त्यालाही तो सहज काढता येत नाही. काढायचाच तर बुंध्यावर करवतीने खाच पाडावी लागते, किंवा छिन्नी-हातोड्याने ठोकत ठोकत तो उलटा फिरवावा लागतो, नाही तर ड्रिलने पोखरून काढावा लागतो. म्हणजे मालकाला आपल्याच गाडीत, चोराचीच हत्यारे घेऊन, चोराचेच काम करावे लागते.

मग मालक आणि चोर यांत फरक तो काय उरला? मला वाटते, एवढाच की मालकाजवळ दिवसाचा उजेड असतो आणि दुपारभराचा वेळ असतो. कुलपाला माणसाचे चारित्र्य ओळखता येत नाही. ते फक्त वेळ मागते. ज्याला उघडपणे वेळ देता येतो तो मालक, आणि ज्याला देता येत नाही तो चोर, इतकी ढोबळ त्याची नीती आहे. ढोबळ असली तरी ती अगदीच चूक आहे असे मला वाटत नाही.

येथवर गोष्ट यंत्राची होती. पण विद्यार्थ्याचे पत्र आले ते वेगळ्याच कारणाने. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला पैसे पाठवायचे होते आणि त्यासाठी गाडी विकायची होती. तेथल्या एका मिस्त्रीने त्याला स्वस्तातली युक्ती सुचवली: आतला खिळा कापून टाकावा, इंजिन चालू करण्याचा स्विच निराळा बसवावा, आणि कुलपाचे खोके बाहेरून जसेच्या तसे राहू द्यावे. गाडी सुरू होईल, दिसायला कुलूप दिसेल, फक्त ते लागणार नाही. "सर, यात वाईट काय?" असे त्याने विचारले होते. त्याचे म्हणणे तीन प्रकारचे होते. एक, गाडी माझी आहे. दोन, चाळीस वर्षांपूर्वीच्या, फारसा फेरबदल न झालेल्या गाड्यांना मे 2018 पासून तेथल्या वार्षिक तपासणीतून सूट मिळाली आहे, तेव्हा कोणी पाहायला येणार नाही. आणि तीन, चोर तरी कुलूप पाहूनच परत फिरतो. मग नुसत्या दिसणाऱ्या कुलपाने अर्धे काम होतेच की.

त्याचे वडील माझ्या परिचयाचे आहेत. उपदेश करणाऱ्याला खर्च पडत नाही, याची मला पुरती जाणीव होती. म्हणून उत्तर लिहायला मी चार दिवस लावले.

त्या चार दिवसांत या कुलपाचा इतिहास मी थोडा वाचला. पश्चिम जर्मनीने 1961 पासून पुढल्या दोन-तीन वर्षांत नव्या-जुन्या सर्वच मोटारींना असे कुलूप सक्तीचे केले, आणि तेथे गाड्यांच्या चोऱ्या एकदम खाली आल्या. ब्रिटनमध्ये 1971 पासून ते आले, पण फक्त नव्या गाड्यांना. पुढे 1976 साली तेथल्या गृहखात्याने एक पाहणी प्रसिद्ध केली. लंडनमध्ये चोरीस गेलेल्या गाड्यांत नव्या गाड्यांचा वाटा 1969 साली शेकडा 21 च्या आसपास होता. 1973 साली तो शेकडा 5 वर आला. वाचून बरे वाटते. पण त्याच काळात जुन्या, बिनकुलपाच्या गाड्यांच्या चोऱ्या वाढल्या. चोराने धंदा सोडला नाही. तो नुसता पलीकडच्या गाडीकडे वळला.

या दोन देशांच्या उदाहरणात एक मोठा नैतिक धडा आहे असे मला वाटते. जर्मनीत कुलूप सर्वांचे होते, म्हणून तेथे चोरी कमी झाली. ब्रिटनमध्ये ते काहींचेच होते, म्हणून चोरीने घर बदलले. नवी गाडी घेण्याची ऐपत असलेल्याची निर्धास्त झोप जुन्या गाडीवाल्याच्या खिशातून भरली गेली. यात नव्या गाडीवाल्याचे पाप आहे असे मी म्हणणार नाही, कारण चोरी त्याने केलेली नाही. पण आपल्या दाराला कडी घालून झोपण्याला त्याने सद्‌गुणही म्हणू नये. संकट आपल्या दारावरून पुढे सरकले, एवढेच घडलेले असते. ते कोणाच्या दारी थांबले, हे पाहायला आपण सहसा उठत नाही.

आता विद्यार्थ्याच्या तीन मुद्द्यांकडे वळतो. गाडी त्याची आहे हे खरे, पण विकण्याच्या क्षणी ती त्याची राहत नाही. खिळा कापलेला असला तर नवा मालक त्या बिनकुलपाच्या जमातीत जाऊन बसतो, आणि त्याला ते ठाऊकही नसते. तपासणीतून सूट मिळाली हेही खरे, पण परीक्षा रद्द झाली म्हणजे अभ्यासाची गरज संपली, असे मी वर्गात कधी मान्य केलेले नाही. तेथल्या कायद्यानेही सूट दिली आहे ती तपासणीतून. गाडी रस्त्यावर नेण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकावरच आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत अवघड. चोराला फसवण्यात पाप नाही, हे मी मान्य करतो. पण जे खोके चोराला फसवते तेच गिऱ्हाइकालाही फसवते. खोटे एकदा उभे करून ठेवले की ते कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही, ही निवड आपल्या हातात राहत नाही. ते येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना सारखेच सांगत सुटते. कुलूप काढूनच टाकले आणि गिऱ्हाइकाला तसे सांगितले, तर किंमत कमी येईल, पण व्यवहार सरळ होईल. कुलूप दाखवायचे असेल तर ते लागले पाहिजे.

एवढेच मी लिहिले. वडिलांच्या शस्त्रक्रियेबद्दल मात्र उपदेशाचे एक अक्षर लिहिले नाही. येथे जे थोडेफार जमवता येईल ते मी जमवीन, इतकेच कळवले. कोणाला खरे वागायला सांगायचे तर त्या खर्चातला काही वाटा आपण उचलावा, नाही तर गप्प बसावे, असे माझे मत आहे.

महिन्याभराने त्याचे उत्तर आले. दोन रविवार घालवून त्याने जुने बोल्ट पोखरून काढले होते आणि नवे कुलूप आणून बसवले होते. त्यात त्याने एक गोष्ट लिहिली होती, ती मला फार आवडली. नवे बोल्ट आरंभी हातानेच बेताचे आवळतात. मग किल्ली फिरवून पाहायची, खिळा खाचेत नीट बसतो की नाही ते पाहायचे, आणि किल्ली आत असताना चाक पुरते डावीकडे आणि पुरते उजवीकडे मोकळे फिरते की नाही, हेही पाहायचे. हे सगळे मनासारखे झाले म्हणजेच शेवटचा पीळ द्यायचा आणि डोकी तोडून टाकायची. त्यानंतर माघार नाही.

माणसाने आपल्याभोवती जी बंधने घालून घ्यावीत, तीही याच क्रमाने घ्यावीत असे मला वाटते. आधी बेताने आवळावे. ते वाईटाला अडवते का, आणि चांगल्याला मोकळे वळू देते का, हे दोन्ही अंगांनी पाहून घ्यावे. मगच शेवटचा पीळ द्यावा. पुष्कळ लोक न तपासताच डोकी तोडून मोकळे होतात आणि पुढे जन्मभर छिन्नी-हातोडा घेऊन बसतात. उलट काही जण सदा तपासतच राहतात आणि शेवटचा पीळ कधी देतच नाहीत. त्यांचे कुलूप कोणीही सहज काढून नेतो.

गाडी अजून विकली गेलेली नाही. गिऱ्हाईक येते, कुलूप लावून पाहते, आणि किंमत पाडून मागते.