शंभराचा आकडा

दिवाळी सरली की केज तालुक्यातल्या गावांमधून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. अशाच एका गावात त्या वर्षी लेक-सून कोयता घेऊन गेले आणि आजी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन मागे राहिली. लेकराला रक्ताचा कर्करोग होता. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात उपचार चालू होते.

आजीला अक्षरओळख नव्हती. तिथल्या सिस्टरनं थर्मामीटर हातात देऊन सांगितलं होतं, "आजी, शंभराच्या नोटेवरचा आकडा ओळखता ना? तो यात दिसला की घरी थांबायचं नाही. मग रात्र असो की पाऊस."

केमोचा डोस होऊन दहा दिवस झाले होते. रात्री लेकराचं अंग कोमट लागलं. आजीनं थर्मामीटर काखेत धरलं. आकडा आला १००.८. पोरगं मात्र भाकरी खाऊन गोधडीत खेळत होतं. ना खोकला, ना कुठे गळू.

शेजारचा पुतण्या शिकलेला. म्हणाला, "काकू, नुसती कसर आहे. तापाची गोळी द्या, उजाडल्यावर बघू."

"सिस्टर म्हणल्यात, गोळीनं आकडा उतरतो, आजार नाही. तू गाडी काढ."

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात डॉक्टरांनी फाईल बघितली, तपासणीला रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. पहाटे लेकराला हुडहुडी भरली, रक्तदाब घसरला. पण तोवर औषध रक्तात पोचलं होतं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. रक्तात क्लेब्सिएला नावाचे जिवाणू सापडले होते.

पुतण्यानं विचारलं, "डॉक्टर, मग पोरगं खेळत कसं होतं?"

"जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी केमोनं घटतात. लढणारंच कुणी नसलं की सूज येत नाही, पू होत नाही. आतड्यात एरवी गप्प असलेले जंतू रक्तात शिरतात आणि ताप तेवढा वर्दी देतो. ताप १००.४च्या वर गेला की पहिलं अँटिबायोटिक तासाभरात मिळायला हवं. सकाळपर्यंत थांबला असतात, तर हे लेकरू हाती लागलं नसतं."

पुतण्यानं मान खाली घातली. पुढे लेकरू बरं होऊन घरी आलं आणि उरलेले उपचारही सुरू झाले.

तात्पर्य : थोडंच कळलेलं असलं, तरी ते वेळेवर पाळण्यात शहाणपण आहे. केमो घेणाऱ्या लेकराचा ताप उजाडायची वाट बघत नाही. आपणही बघू नये.