टोपल्यांत भरलेले तुकडे

(मननासाठी शास्त्रपाठ : योहान ६:१–१३, मलाखी १:६–८)



पाच हजार पुरुष जेवून तृप्त झाले, तेव्हा आपला प्रभु तेथून लागलाच उठून गेला नाही. उरलेले तुकडे गोळा करावयास त्याने शिष्यांस सांगितले, आणि त्यांतले काही वाया जाऊ नये हे कारणही दिले. ज्याच्या हातून पाच भाकरी हजारोंस पुरल्या, त्याला तुकड्यांची काय उणीव होती? तरी त्याने ते गवतावर पडू दिले नाहीत. त्या भाकरी जवाच्या, म्हणजे गरिबाघरच्या होत्या, हे योहानाने मुद्दाम लिहून ठेविले आहे. बारा टोपल्या भरल्या. पुढे त्या कोणाच्या दारी गेल्या हे शास्त्र सांगत नाही. पण त्या कोणाच्या तरी मुखी लागाव्या म्हणूनच भरल्या गेल्या असे मानावयास हरकत नाही.

दिग्रसच्या आसपासच्या शाळांच्या मागील पडव्या पाहिल्या म्हणजे आम्हास या टोपल्यांची आठवण होते. मुले गाडीत बसून शहरातील इंग्रजी शाळेस जाऊ लागली, खेड्यातील पट रोडावला, दोन वर्गांचा एक वर्ग झाला. कोठे नवी लोखंडी बाके आली आणि जुनी सागवानी बाहेर निघाली. विद्यालयेही सदा एका जागी राहत नाहीत. आपल्या यवतमाळात १९५३ साली स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्यास गेली, हे वडील मंडळींच्या स्मरणात असेल. अशा प्रसंगी शिक्षक जातात, पुस्तके जातात, आणि बाके, टेबले, फळे बहुधा मागे राहतात. दोन पावसाळे गेले की त्यांस वाळवी लागते. मग भंगारवाला लोखंड तेवढे वजनावर नेतो, फळ्या चुलीत जातात, आणि जे जाळल्यास विषारी धूर सोडते ते प्लायवूड व सनमायका नगरपरिषदेच्या कचरा डेपोवर जाऊन पडते. सागाचे झाड चांगले लाकूड देण्याजोगे व्हावयास पन्नास-साठ वर्षे लागतात. त्याचे बाक राख व्हावयास एक स्वयंपाक पुरतो.

आणि तेथून काही कोसांवर, एखाद्या तांड्यावर वा कोलाम पोडावर, लेकरे बसकरपट्टीवर बसून, वही गुडघ्यावर धरून लिहीत असतात. जमिनीवर बसण्यात कमीपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या वाडवडिलांनी जमिनीवर बसूनच धूळपाटीवर अक्षरे गिरविली. परंतु पाच तास वाकून लिहिणाऱ्या मुलाची पाठ व डोळे दुखतात, हे त्याच्या आईस विचारावे. मुंबईच्या आरंभ नावाच्या संस्थेने २०१४ च्या सुमारास टाकाऊ पुठ्ठ्याची खोकी कापून, दुमडून, दप्तरही होईल व उतरते मेजही होईल अशी वस्तू खेड्यातील मुलांसाठी केली, ती याच दुःखास्तव. त्यांच्यापाशी पुठ्ठा होता. आपल्यापाशी सागवान आहे.

येथे आम्हास आमचाच एक अपराध कबूल केला पाहिजे. आमच्या सभेची बालवाडी बंद पडल्यावर तिची बाके प्रार्थनामंदिराच्या बाजूच्या खोलीत रचून ठेविली होती. एका तांड्यावरील शिक्षकाने ती मागितली. आम्ही पंच जमलो आणि निवड केली. चांगली बाके नाताळात लागतील म्हणून ठेविली. डगमगती, खिळे वर आलेली तेवढी बैलगाडीत भरली, प्रार्थना केली आणि दान म्हणून अहवालात लिहिले. महिन्याभराने आमच्यापैकी एकजण तिकडे गेला, तेव्हा बाके ओसरीवर उलटी पडलेली आणि मुले पुन्हा जमिनीवर. एका मुलीचा परकर खिळ्यात अडकून फाटला होता. तिच्यापाशी तो एकच होता. शिक्षकाने तक्रारीचा शब्दही काढला नाही, आणि त्यामुळे आम्हास अधिक लाज वाटली.

मलाखीच्या काळी लोक आंधळे, लंगडे पशू वेदीवर आणीत. असले जनावर तुमच्या अधिकाऱ्यापुढे नेऊन पाहा, तो प्रसन्न होईल काय, असे देवाने त्यांस विचारिले. आम्हास कोणी विचारिले असते, की हे बाक तुमच्या मुलास बसावयास चालेल काय, तर आम्ही काय उत्तर देणार होतो? आम्ही दान केले नव्हते, अडगळ काढली होती. फक्त कचरा डेपोऐवजी तांड्याचा रस्ता धरला होता. नियमशास्त्रात शेताचे कोपरे गरिबांसाठी राखावयास सांगितले आहे. रूथ सरवा वेचू लागली, तेव्हा बवाजाने पेंढ्यांतली कणसे मुद्दाम तिच्यापुढे टाकावयास लाविली. ती किडकी निवडून टाका असे त्याने सांगितले नाही.

नंतर आम्ही ती बाके परत आणिली. मंडळीतील एका सुताराने खिळे उपटून स्क्रू लाविले, फळ्यांवर रंधा मारिला, सांध्यांत पाचरी ठोकिल्या, आणि लहान मुलांचे पाय जमिनीस टेकावे एवढे पाय कापिले. ही गोष्ट आम्हास सुचली नव्हती. नाताळासाठी राखलेली चांगली बाकेही त्यांच्याबरोबर गेली. त्या नाताळात आम्ही सतरंजीवर बसलो. वृद्धांसाठी घरोघरच्या खुर्च्या आणिल्या.

उपदेशक बंधूंस एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. सरकारी वा अनुदानित शाळेचे सामान, मुख्याध्यापक तोंडी होय म्हणाले तरी, उचलू नये. ते जडवस्तू नोंदवहीत चढविलेले असते, आणि त्याचे निर्लेखन रीतसर मंजूर होऊन नोंद झाल्यावाचून ते कोणाचेही होत नाही. अर्ज लिहावा, कागद हाती येईपर्यंत धीर धरावा, आणि घेतलेल्या प्रत्येक नगाची पावती द्यावी. सभेच्या मालकीचे सामान असेल तर पंचांच्या सभेत ठराव करून लिहून ठेवावे. नेण्यापूर्वी घेणाऱ्यांस विचारावे की तुम्हास काय हवे. कोणास बाक नको असेल, फळा हवा असेल, अंगणवाडीस दोन बुटकी टेबले पुरत असतील, गावच्या अभ्यासिकेस उंच मेजे लागत असतील. ज्यांची मुले आपल्या देवळात येत नाहीत त्यांसही विचारावे. त्या गवतावर बसलेल्यांची प्रभूने चौकशी केल्याचे कोठे लिहिलेले नाही.

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा बाकीच्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा सुतारकामास मे महिना आहे. ज्या मंडळ्यांच्या खोल्यांत अशी बाके आहेत त्यांनी पाम संडेच्या आठवड्यात खोली उघडून ती मोजावी, आणि कोणते बाक आपल्या मुलास चालेल व कोणते दुरुस्तीवाचून चालणार नाही, हे खडूने त्यावरच लिहावे.