सहाशे ओळींत सातशे अडुसष्ट

ऑक्टोबर २०१२मध्ये विंडोज ८ बाजारात आली आणि दहा इंची नेटबुकवाल्यांची पंचाईत झाली. या छोट्या लॅपटॉपांचा पडदा बहुधा १०२४ × ६०० ठिपक्यांचा असे. विंडोज स्टोअरमधल्या नव्या अ‍ॅपांची अट मात्र किमान १०२४ × ७६८ अशी होती. रुंदी जमत होती, पण उंचीत १६८ ओळी कमी पडत होत्या, आणि तेवढ्यावरून अ‍ॅप उघडायचं नाव घेत नव्हतं.

लोक गप्प बसले नाहीत. विंडोजच्या रजिस्ट्रीत खोलवर एक नोंद होती. तिथल्या शून्याच्या जागी एक लिहायचा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा. मग अनेक नेटबुकांच्या रिझोल्यूशनच्या यादीत १०२४ × ७६८ हा पर्याय हजर व्हायचा. तो निवडला की मघाशी अडून बसलेलं अ‍ॅप मुकाट्यानं उघडायचं.

पडद्यावर एकही ठिपका वाढलेला नसायचा. एलसीडीचे ठिपके कारखान्यातच कायमचे बसवलेले असतात, ते पुढे वाढत नाहीत. व्हायचं ते इतकंच, की ग्राफिक्स चिप ७६८ ओळींचं चित्र मेमरीत पुरतं काढायची आणि मग ते ६०० ओळींत कोंबायची. म्हणजे दर ३२ ओळींच्या वाट्याला २५ ओळींची जागा. अंगणात पंधरा ठिपके टाकायचे आणि त्यावर एकवीस ठिपक्यांची रांगोळी काढायला बसायचं, तसंच हे. काही रेषा ठिपक्यावरून जाणार, काही दोन ठिपक्यांच्या मधून. पडद्याला मधली जागा माहीत नसते. मधली रेषा मग चिप दोन्ही ओळींवर अर्धी अर्धी, फिक्या रंगात वाटून टाकते.

रुंदी तशीच राहून उंचीच दाबली गेल्यामुळे वर्तुळं चपटी व्हायची आणि माणसांचे चेहरे फुगल्यासारखे दिसायचे. ते एक वेळ चालेल. पण मराठी वाचणाऱ्याचं दुखणं वेगळं आहे. दाबली जाते ती उंची, म्हणजे उभे दंड बरेचसे शाबूत आणि मार बसणार आडव्या रेषांना. आपली लिपी तर शिरोरेषेला टांगलेली. भ आणि म, ध आणि घ यांच्यातला फरक त्या रेषेतल्या छोट्याशा फटीवर उभा आहे. वर मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, रुकार. लॅटिन अक्षरांपेक्षा देवनागरीला उंची जास्त लागते, आणि नेमकी तीच इथे कापली जाते. बारीक टायपातलं एखादं जोडाक्षर मग डागासारखं दिसतं आणि डोळा ते अंदाजानं वाचतो.

पण या युक्तीला सरसकट नावं ठेवणंही बरोबर नाही. २०१२मध्येच अ‍ॅपलनं रेटिना पडद्याचा पंधरा इंची मॅकबुक प्रो आणला. त्याचे ठिपके २८८० × १८००. त्यावर १९२० × १२०० इतकी जागा दिसावी असा पर्याय निवडला, तर यंत्र आधी ३८४० × २४०० चं चित्र काढतं आणि मग ते दाबून पडद्यावर बसवतं. म्हणजे नेटबुकवर व्हायचं तेच. तरी फारशी कुणाची तक्रार नाही. चांगला डोळा अर्ध्या मीटरवरून साधारण ०.१५ मिलिमीटरपर्यंतचे ठिपके वेगळे ओळखू शकतो. त्या मॅकबुकचा ठिपका जेमतेम ०.१२ मिलिमीटरचा आहे, तर नेटबुकचा सुमारे ०.२२चा होता. मॅकबुकवरची ही वाटावाटी डोळ्याच्या आवाक्याबाहेर होते, नेटबुकवरची डोळ्यादेखत व्हायची. गेमच्या दुनियेत तर ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एन्व्हिडिया आणि एएमडी यांनी २०१४मध्ये हीच सोय अधिकृतपणे दिली. फोर-केचं चित्र काढून फुल एचडी पडद्यावर उतरवलं, की चार ठिपक्यांचा एक होतो आणि तारांच्या, कुंपणांच्या दातेरी कडा मऊ होतात. चित्राला हा मऊपणा मानवतो, अक्षराला नाही. अक्षर कडेवर जगतं.

मला राहून राहून गंमत वाटते ती त्या अडलेल्या अ‍ॅपची. त्याला ७६८ हवे होते, त्याला ७६८ सांगितले गेले आणि त्याचं समाधान झालं. पडद्यावर खरोखर काय उमटलं, हे पाहायला ते कधी आलंच नाही. कागदोपत्री आकडा जुळला की फाइल पुढे सरकते, हे आपल्याकडे कुणाला नव्यानं सांगायला नको. फरक भरून काढायचं काम मात्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर येऊन पडतं.

आज नेटबुक गेले, पण हौस तीच आहे. एकीकडे १३६६ × ७६८च्या लॅपटॉपवर जास्त जागा हवी म्हणून खटपटी चालतात. दुसरीकडे चाळिशी लागलेली मंडळी अक्षर मोठं दिसावं म्हणून रिझोल्यूशन खाली आणतात. तसं केल्यानं अक्षर मोठं होतं खरं, पण सोबत पुसटही होतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन ‘रेकमेंडेड’ लिहिलंय तिथेच राहू द्या. अक्षर बारीक वाटत असेल तर त्याच पानावरचा ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करा. जागाच अपुरी पडत असेल, तर दुसरा मॉनिटर जोडा.