"माझी नोकरी राहील ना?"



आपल्यापैकी बरेच जण आता टीम सांभाळतात. कपातीची कुजबुज सुरू झाली की एखादा सहकारी हळूच विचारतो, "माझी नोकरी राहील ना?" यादी तुम्हाला ठाऊक असते, पण बोलायची मुभा नसते. काय सांगाल?

"काळजी करू नकोस" हे सोपे उत्तर. पण इथे अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्याने तुमच्या शब्दावर घराचा करार केला तर? हेतू करुणेचा असला तरी हा मुसावादच.

"याबद्दल मला काही बोलता येणार नाही" हे मात्र खरे असते, आणि कंपनीला दिलेला शब्दही मोडत नाही. अट एकच: यादी नसतानाही हेच उत्तर द्यायचे. नाहीतर तुमचे मौनच बातमी फोडते.

असे कोरडे उत्तर पचायला आधीची शिदोरी लागते. सिगालोवाद सुत्तात मालकाने सेवकांसाठी करायच्या पाच गोष्टी आहेत: कुवतीप्रमाणे काम, अन्न-वेतन, आजारपणात शुश्रूषा, चांगलेचुंगले वाटून खाणे, वेळेवर सुट्टी. (पहिली तर आपण आयटीवाले स्प्रिंट आखतानाच विसरतो!) आजारी मुलासाठी लवकर निघताना ज्याला तुमची तीनदा विनवणी करावी लागली, तो तुमच्या "बोलता येणार नाही"वर का विसंबेल?