गल्ल्यावरचे यंत्र आणि वेटरचा शब्द

हॉटेलातले बिलाचे यंत्र बंद पडणे हा काही नीतीचा विषय नव्हे, असे कुणालाही वाटेल. विजेचा, वायरीचा, फार तर इंटरनेटचा प्रश्न. मिस्त्री येईल, दुरुस्त करील, संपले. पण रमजानमध्ये इफ्तारनंतरची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाऊक आहे की अशा वेळी ते यंत्र थांबले तर तासाभरात माणसांच्या इमानाचीच झडती सुरू होते. सगळी टेबले भरलेली, दाराबाहेर रांग, भटारखान्यातला प्रिंटर गप्प आणि गल्ल्यावरचा पडदा काळा. कोणत्या टेबलावर किती बिर्याणी गेली, फिरनी कुणी मागवली, पैसे कुणाचे आले, हे सांगणारे यंत्रच मुके झालेले. मग प्रश्न उरतो एकच : आता शब्द कुणाचा मानायचा? गिऱ्हाइकाचा, वेटरचा की मालकाचा?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमचे कितीतरी माजी विद्यार्थी आज हॉटेलांत वेटर आहेत, कॅप्टन आहेत, कुणी गल्ल्यावर बसतात. भेटले की बोलतात. ‘सर, त्या रात्री मशीन बंद होते. हिशेबात नऊशे रुपये कमी आले. ते आम्हा चौघांच्या पगारातून गेले.’ का, असे विचारले तर त्यांना मिळालेले उत्तर ठरलेले असते : पैसे कमी आहेत, म्हणजे ते तुमच्याकडेच गेले. बिघडले यंत्र, आणि गुन्हेगार ठरला माणूस. हा न्याय कुठला?

या यंत्राचा जन्म आठवला तर उत्तराची थोडी वाट दिसते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाचा एक दारूगुत्त्याचा मालक होता. गल्ल्यातले पैसे नोकर खिशात घालतात, या विचाराने तो हैराण झाला होता. युरोपच्या प्रवासात त्याने जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र पाहिले, आणि फेरे मोजता येतात तर पैसे का नाही, असे त्याच्या मनात आले. १८७९ मध्ये त्याने भावासह आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. नाव काय ठेवले? ‘इनकरप्टिबल कॅशियर’. म्हणजे कधीही बेइमान न होणारा खजिनदार! म्हणजे गल्ल्याच्या यंत्राचा पाया पहिल्या दिवसापासून नोकरावरचा संशय हाच आहे. रिटीला आम्ही दोष देत नाही. चोरी होत होती, त्याने उपाय शोधला. पण संशयावर उभे राहिलेले यंत्र कोसळले की खाली संशयच उरतो, हेही खरे.

आपल्याकडे मुंबईच्या इराणी आणि उडपी हॉटेलांत एक वेगळी रीत होती. गिऱ्हाईक उठून गल्ल्याकडे निघाले की वेटर मागून मोठ्याने त्याचा आकडा पुकारायचा. गिऱ्हाईक ऐकत असे, मालक ऐकत असे, शेजारचे टेबलही ऐकत असे. आकडा चुकला तर तिथल्या तिथे बोलता येई. तिथेही लबाडी होत नसेल असे नाही. पण तो हिशेब चारचौघांत होता. वेटर हा त्या व्यवहारातला साक्षीदार होता, संशयित नव्हता.

यंत्रे आज ना उद्या बंद पडणारच, हे आता जगाने पाहिले आहे. १५ मार्च २०२४ रोजी मॅकडोनाल्ड्सची जपान, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन अशा अनेक देशांतली विक्रीची यंत्रणा ठप्प झाली. हा हल्ला नव्हता. बाहेरच्या एका पुरवठादाराने रचनेत बदल करताना झालेला बिघाड होता. त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, आणि हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. १२ एप्रिल २०२५ रोजी आपले यूपीआय काही तास अडखळले. यातल्या एकाही बिघाडात कुठल्या वेटरचा हात नव्हता.

मग अशा वेळी हॉटेलात काय करावे? चांगली हॉटेले काय करतात, ते आमच्या मुलांनीच आम्हाला सांगितले. सर्वांत अवघड असतात ती यंत्र बंद पडण्याआधीच ज्यांचे खाणे सुरू झाले होते ती टेबले, कारण त्यांच्या ऑर्डरी यंत्रात अडकलेल्या असतात. पण भटारखान्यात छापून आलेल्या चिठ्ठ्या तारेला टोचलेल्या असतात. त्या प्रथम गोळा करायच्या आणि टेबलवार लावायच्या. दोन मिनिटे नवी ऑर्डर घ्यायची नाही. गिऱ्हाइकाला खरे काय ते सांगायचे. मग कार्बन घातलेली, छापील क्रमांकांची पुस्तके काढायची. टेबल, वेळ, वेटरचे नाव, जिन्नस. एक प्रत भटारखान्यात, एक गल्ल्यावर. दरपत्रक गल्ल्यावर कागदावर छापलेले हवे, नाहीतर एकाच कबाबाचे तीन भाव होतात. यूपीआयचे पैसे गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरच्या चित्रावर मानायचे नाहीत. दुकानाच्या खात्यात आले की मानायचे. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानाला पोचल्याची खात्री मिळाली नाही, तर भांडायचे नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवेत. नाव आणि नंबर लिहून घेऊन माणसाला सन्मानाने जाऊ द्यायचे. यंत्र सुरू झाल्यावर हाताने लिहिलेले प्रत्येक बिल आत चढवायचे आणि कागदावर तशी खूण करायची, म्हणजे एकच बिल दोनदा चढत नाही.

ही सगळी तजवीज यंत्र चालू असतानाच करून ठेवावी लागते. पुस्तके आधी छापावी लागतात, नवीन पोऱ्याला लिहायला आधी शिकवावे लागते. आणि ती तजवीज करणे वेटरच्या हातात नाही, मालकाच्या हातात आहे.

इथे कुणी म्हणेल, माणसावर विश्वास असेल तर लिहायचे कशाला? लिहिणे म्हणजे अविश्वासच. आम्हाला तसे वाटत नाही. आपल्या वाचकांना सूरह बकरहची २८२ वी आयत परिचित आहे. कुरआनातली ही सर्वांत मोठी आयत, आणि तिचा विषय आहे उधारीचा हिशेब लिहून ठेवण्याचा! हातोहात होणारा व्यवहार लिहिला नाही तरी दोष नाही, अशी सवलतही तिच्यात आहे. म्हणजे हॉटेलातल्या जेवणाला तिचा हुकूम जसाच्या तसा लागू होतो, असे आमचे म्हणणे नाही. पण तिच्यातला न्यायविचार इथे उपयोगी पडतो. ज्याच्यावर देणे आहे त्याने सांगायचे आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहायचे, ही त्यातली एक गोष्ट. दुसरी गोष्ट आमच्या दृष्टीने मोठी आहे : लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला इजा पोचता कामा नये. 

यंत्र बंद असलेल्या त्या तासात वेटर कोण असतो? तोच लिहिणारा आणि तोच साक्षीदार. आणि रात्री हिशेब जुळला नाही की पहिली इजा त्यालाच होते. ज्याने लिहिले त्याचाच पगार कापायचा, तर पुढच्या वेळी कोण लिहील? जितके कमी लिहावे तितके बरे, असेच तो शिकेल.

कायदाही याहून वेगळे सांगत नाही. १९३६ च्या वेतन कायद्यात तरतूद होती की, नुकसान नोकराच्या स्वतःच्या हयगयीमुळे थेट झाले असेल तरच पगारातून कपात करता येते, आणि त्याआधी त्याला आपली बाजू मांडू द्यावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. तिच्यातही हे तत्त्व कायम आहे. चौघांत नऊशे रुपये वाटून कापणे म्हणजे कुणाची हयगय हे शोधण्याचे कष्टसुद्धा न घेणे होय.

यंत्राचा शब्द माणसाच्या शब्दाहून मोठा मानला की काय होते, ते ब्रिटनने दाखवले आहे. तिथल्या पोस्टाच्या काउंटरवर १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची विक्रीची व हिशेबाची संगणकप्रणाली आली. ती खोटी तूट दाखवत होती. पोस्टचालक सांगत राहिले की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. कुणी ऐकले नाही. ९०० हून अधिक लोक चोरीच्या, अफरातफरीच्या, खोट्या हिशेबाच्या आरोपांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. त्यांत आपल्या उपखंडातून तिकडे गेलेल्या कुटुंबांतलेही बरेच होते. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, आणि २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. पण गेलेली वर्षे आणि गेलेली अब्रू कोणता कायदा परत देणार?

मालकाचीही बाजू आहे, ती आम्ही नाकारत नाही. लहान हॉटेलचा नफा पातळ असतो. ‘तूट मीच सोसली तर वीज गेली की दर वेळी गल्ला फुटेल,’ ही त्याची भीती खोटी नाही. वेटरही सगळे फरिश्ते नसतात. पण त्या भीतीवरचा उपाय क्रमांकाच्या पुस्तकात आहे. सरसकट कपातीत नाही. ज्याने चोरी केली त्याची चोरी कागदावरून सिद्ध करा आणि त्याच्याकडून वसूल करा. जे सिद्ध होत नाही, ते नुकसान यंत्र ज्याने निवडले आणि यंत्राचा फायदा जो रोज घेतो, त्याने सोसावे. फायदा मालकाचा असेल तर बिघाडही त्याचाच.

आणि गिऱ्हाईक? त्याचा वाटा लहान वाटतो, पण तो सर्वांत निर्णायक आहे. यंत्र बंद असते तेव्हा आपण काय खाल्ले हे नक्की जाणणारा माणूस तोच असतो. बिलात एक फिरनी लिहायची राहिली, हे त्याला दिसते आणि तो गप्प उठतो. मालकाचे साठ रुपये गेले तर काय बिघडले, असे तो मनाशी म्हणतो. ते साठ रुपये मालकाचे जात नाहीत. ते दिवसभर रोजा ठेवून, खजूर आणि पाण्यावर इफ्तार करून, लगेच आपल्या टेबलाशी धावत आलेल्या पोऱ्याच्या पगारातून जातात. तेव्हा बिल हाती आले की एकदा वाचावे आणि राहिलेली फिरनी स्वतः सांगावी.