हातोड्यातला हात

मराठीतील 'हातोडा' या शब्दात 'हात' दडलेला आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. इंग्रजीतील 'हॅमर' या शब्दाचे नाते भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातील 'अश्मन्' शब्दाशी, म्हणजे दगडाशी जोडतात. त्या लोकांनी अवजार कशाचे बनते ते पाहिले. आपल्या पूर्वजांनी ते कोणाच्या बळावर चालते ते पाहिले. लोहाराचा 'घण' याहूनही खोल जातो. त्याच्या मुळाशी असलेला 'घन' हा संस्कृत शब्द 'हन्' या धातूपासून, मारण्याच्या क्रियेपासून निघाला. आणि त्याच शब्दाने पुढे भरून आलेला मेघ, भरीव पदार्थ, भूमितीतील घन, वेदपठणातील घनपाठ, झांज-घंटेसारखी घनवाद्ये एवढा मोठा संसार थाटला. जी क्रिया जीव घेते, तीच घडवते आणि तीच नाद काढते.

मग घडवणारा घाव आणि मोडणारा घाव यांत भेद करायचा कसा? बहुतेक जण म्हणतील, हेतूवरून. हातोडा निर्दोष आहे. दोष असलाच तर तो मनाचा. हे उत्तर मला अपुरे वाटते.

'शास्ते' या पुस्तकातील याएलची कथा आठवावी. पराभूत सेनापती सीसरा पायी पळत तिच्या तंबूपाशी आला. तिने त्याला आत घेतले, दूध पाजले, अंगावर पांघरूण घातले. आणि तो गाढ झोपी गेल्यावर हातोड्याने तंबूची मेख त्याच्या कानशिलातून आरपार ठोकली. पुढच्याच अध्यायातील विजयगीत तिला धन्य म्हणते. हेतू लोकांच्या सुटकेचा होता, हे कबूल. तरीही वाचताना आपण त्या दुधाच्या भांड्यापाशी अडखळतो, आणि ते अडखळणे योग्यच आहे. हेतू शुद्ध असला म्हणजे घाव शुद्ध झाला, असे मानले तर जगातील बहुतेक क्रौर्य निर्दोष सुटेल. क्रूर माणसांपाशी उदात्त हेतूंची वाण कधीच नसते.

कारागिरांकडे पाहिले तर दुसरी एक कसोटी हाती लागते. मैफलीपूर्वी तबलजी लहानशा हातोडीने तबल्याच्या गजऱ्यावर ठोके देतो. वरून ठोका बसला की स्वर चढतो, खालून बसला की उतरतो. पण ठोक्यामागून ठोका तो देत नाही. एक ठोका, मग बोटाने वाजवून ऐकणे, मग दुसरा. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठारकाम होते. हातोडीच्या ठोक्यांनी मऊ तांबे कठीण होते. परंतु ठोकणे अति झाले तर तेच तांबे तडकते. म्हणून घडवता घडवता मध्येच थांबून ते तापवावे लागते. धातूलाही विसावा लागतो, आणि केव्हा लागतो हे आवाजावरून ज्याला कळते तो कारागीर. आपल्या मधल्या कानात तीन इवली हाडे आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यांची नावे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी दिलेली असतात. निर्मात्याने आपली सर्वांत नाजूक हातोडी कानात ठेवली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. घाव घालणाऱ्याने घाव सोसणाऱ्याचे ऐकले काय?

हा प्रश्न आमच्या सोलापुरात नेऊन पाहू. 'अतिक्रमणांवर हातोडा' हा मथळा येथील वाचकाच्या अंगवळणी पडला आहे. प्रत्यक्षात हातोडा येत नाही, जेसीबी येतो. आदेश एकाने काढलेला, आखणी दुसऱ्याने केलेली, यंत्र चालवणारा तिसराच. हात इतक्या जणांत वाटला जातो की तो कोणाचाच राहत नाही. वर्तमानपत्रांनी जुना शब्द सोडला नाही हे एका परीने बरेच झाले. त्यात हाताची आठवण तरी उरली आहे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाविषयी जे दंडक घालून दिले, त्यांत किमान १५ दिवसांची नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी आहेच. शिवाय दंडक मोडणाऱ्या अधिकाऱ्याला पाडलेल्याची भरपाई पदरच्या पैशाने करावी लागेल, असेही म्हटले आहे. म्हणजे न्यायालयाने हातोड्याला त्याचा हात परत जोडून दिला. रस्ता वा पदपथ अडवणाऱ्या बांधकामांना हे दंडक लागू नाहीत, आणि रस्ता मोकळा हवा हे कोण नाकारील? परंतु कायद्याने ऐकून घेण्याची सक्ती केली नाही, म्हणून माणसाचे कान बंद होत नाहीत. (जाता जाता: भारतीय न्यायाधीश मेजावर हातोडा आपटत नाहीत. तो केवळ चित्रपटांतला.)

सोलापूरला हातोड्याचे आणखी एक रूप ठाऊक आहे, लाल बावट्यावरचे. त्या बावट्याखाली चालणाऱ्या विडी कामगार बायांच्या हाती आयुष्यभर कात्री, दोरा आणि मांडीवरचे सूप, हातोडा नाहीच. त्यांनी तो चिन्ह म्हणून उचलला आणि पदरात काय पाडून घेतले, तर घरे. कुंभारी येथे विडी कामगारांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. मग असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचे रे नगर आले. त्यांतील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी सुपूर्द झाली. राजकारणात कोणाचे मत काहीही असो, पाडण्यासाठी गाजलेल्या अवजाराच्या नावावर इतकी छपरे जमा आहेत.

पण मला सर्वांत अस्वस्थ करणारा हातोडा शलमोनाच्या मंदिराचा आहे, जो ऐकूच आला नाही. मंदिर बांधले जात असता तेथे हातोड्याचा, कुऱ्हाडीचा वा कोणत्याही लोखंडी हत्याराचा आवाज झाला नाही, असे राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात लिहिले आहे. चिरे खाणीतच घडवून आणले होते. प्रवचनांतून या शांततेचा गौरव होतो. मात्र आदल्याच अध्यायात डोंगरात दगड फोडणाऱ्यांचा आकडा दिला आहे: ८०,०००. मंदिरातली शांतता खाणीतल्या गदारोळावर उभी होती. तो गदारोळ उपासकांच्या कानांपासून दूर ठेवला गेला, एवढेच.

आमच्याकडे ही खाण वडारांच्या वाट्याला आली. सोलापुरात या समाजाची मोठी वस्ती आहे. त्यांची बोली तेलुगूच्या घरातली. सुतकी, घण, पहार, छिन्नी ही त्यांची घरची हत्यारे. काळा फत्तर फोडून त्यांनी पायाचे दगड दिले, रस्त्यांना खडी दिली. फुटलेली कपची डोळ्यात जायची, धूळ छातीत साठायची. आता क्रशर आले, हातची खडी बहुतेक संपली; धूळ संपली नाही. आपल्या देवळांच्या, चर्चच्या, बंगल्यांच्या पायातील दगडावर कोणाचे घाव आहेत, हे कोनशिलेवर लिहिण्याची पद्धत नाही. तेथे उद्घाटकाचे नाव असते.

यामुळेच 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण मला जपून वापराविशी वाटते. ती नेहमी टाकी धरणारा दगडाला ऐकवतो. मार देणारा शिक्षक मुलाला ऐकवतो, सासर सुनेला ऐकवते, आणि आपण धर्मनिष्ठ माणसेही दुखण्याने पिचलेल्या शेजाऱ्याला 'देव तुला घडवत आहे' असे सांगून मोकळे होतो. ज्याने सोसले त्याने स्वतःहून हे म्हटले तर ती साक्ष आहे. दुसऱ्याने म्हटले तर तो आणखी एक घाव. शिवाय एका मूर्तीमागे कपच्यांचा किती ढीग पडतो, ते ही म्हण सांगत नाही.

टाकीचा एक वेगळा घावही आपल्या घरांना परिचित होता. पाटा आणि जाते वापरून गुळगुळीत झाले की वाटणघाटण, दळण होईना. मग टाकी लावणारी बाई गल्लीतून हाक देत येई. ओसरीवर बसून ती आधी पाट्यावरून तळहात फिरवी, कोठे किती झिजले ते चाचपून पाही, घरच्या बाईला दोन शब्द विचारी, आणि नंतर छिन्नीवर हलका हात चालू होई.