आकाशातला पोटभाडेकरू

मुंबईच्या गच्चीवरून ७२ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह पकडायचा, तर डिश जवळजवळ थेट दक्षिणेला वळवावी लागते. (दक्षिण ही कोणाची दिशा, हे मराठी माणसाला सांगायला नको.) त्या जागी, मालदीवच्या बाजूच्या समुद्रावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, २०१२ साली ‘इंटेलसॅट-२२’ नेऊन ठेवला गेला. उपग्रह अमेरिकेतल्या बोइंगने बांधलेला, २५ मार्चला बैकानूरहून उडालेलं रॉकेट रशियाचं. टीव्हीवाहिन्या आणि डेटा वाहून नेणं हा त्याचा उघड धंदा. पण पोटात आणखी एक बिऱ्हाड होतं: ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण दलांची यूएचएफ यंत्रणा. पाठीवर रेडिओ घेऊन चालणाऱ्या सैनिकाला मोठी डिश न उभारता बोलता यावं, यासाठी ती उपयोगी. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाचे सैनिक अफगाणिस्तानात होते.

यात चोरटं काही नव्हतं, करार जाहीर होता. याआधी २००३ मध्येही ‘ऑप्टस सी-१’ या उपग्रहावर घरोघरचा टीव्ही आणि ऑस्ट्रेलियाचं लष्कर एकत्र राहिलंच होतं. धंद्यात याला ‘होस्टेड पेलोड’ म्हणतात. आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे, पोटभाडेकरू. स्वतःचा उपग्रह बांधण्यापेक्षा दुसऱ्याच्या उपग्रहावरची थोडी जागा आणि थोडी वीज भाड्याने घेणं स्वस्त पडतं. करदात्याचा पैसा वाचतो, हे मला मान्य आहे.

पण चाळीतल्या एका खोलीत दारूगोळा ठेवायचा असेल, तर मालकाची संमती पुरते का? जिन्यापलीकडे राहणाऱ्यांना कोणी विचारायचं? युद्धाचे नियम घालून देणाऱ्या १९७७च्या जिनिव्हा अतिरिक्त प्रोटोकॉलचं ५८वं कलम सांगतं की लष्करी लक्ष्यं आणि नागरी वस्तू शक्य तितक्या एकमेकांपासून दूर ठेवा. ऑस्ट्रेलियाने हा प्रोटोकॉल स्वीकारला आहे, भारताने नाही. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गावं आणि शहरं होती. एकाच सौरपंखावर जगणारी बातमीवाहिनी आणि पलटण नव्हती.

काही जाणकार उलट सांगतात. लष्करी यंत्र नागरी उपग्रहावर असलं, तर शत्रू हात उचलण्याआधी दहादा विचार करील. हा युक्तिवाद मला सर्वांत लाजिरवाणा वाटतो. बायकामुलांच्या घोळक्यात शिरून उभ्या राहिलेल्या शिपायाला आपण हुशार म्हणू का?

आणि शत्रू विचार करतोच, असंही नाही. २४ फेब्रुवारी २०२२च्या पहाटे, रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसण्याच्या सुमारास, ‘का-सॅट’ या भूस्थिर व्यापारी उपग्रहाच्या जाळ्यावर सायबर हल्ला झाला. युक्रेनचं सैन्य ती सेवा वापरत होतं. उपग्रहाला ओरखडाही उठला नाही, मोडले ते जमिनीवरचे हजारो मोडेम. जर्मनीत सुमारे ५,८०० पवनचक्क्यांवरचं दूरनियंत्रण तुटलं. त्या गिऱ्हाइकांचा युद्धाशी संबंध काय? सेवा देणारा एकच, एवढाच. मे महिन्यात युरोपीय संघ, ब्रिटन आणि अमेरिका यांनी रशियावर ठपका ठेवला. ऑक्टोबरमध्ये रशियाच्या प्रतिनिधीने संयुक्त राष्ट्रांत बजावलं की अशा अर्धनागरी यंत्रणा प्रत्युत्तराचं वैध लक्ष्य ठरू शकतात.

आपल्याकडे नौदलासाठी २०१३ मध्ये जीसॅट-७ आणि हवाई दलासाठी २०१८ मध्ये जीसॅट-७ए असे वेगळे उपग्रह गेले. महागाचं काम, पण सरळ. आता मात्र २०२३च्या अंतराळ धोरणाने खासगी कंपन्यांना स्वतःचे उपग्रह चालवण्याची वाट मोकळी केली आहे. उद्या इथेही पोटभाडेकरू येतील. म्हणून आजच नियम करा. ज्या नागरी उपग्रहावर लष्करी यंत्र आहे, त्याच्या परवान्यात तसं उघड लिहा. लहरी आणि संकेत गुप्त राहू द्या, पण त्याचं अस्तित्व लपवू नका. बँकेला, रुग्णालयाला, बंदराला करारावर सही करण्याआधी ते कळलं पाहिजे, आणि दुसरी सोय करायला वेळ मिळाला पाहिजे.

विमावाल्यांना हा धोका केव्हाच कळला आहे. कक्षेतल्या उपग्रहाच्या विम्यातून युद्धाने किंवा उपग्रहविरोधी अस्त्राने होणारं नुकसान सहसा वगळलेलं असतं. तो मजकूर ग्राहकाच्या कराराच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत छापायला कंपन्यांची काय अडचण आहे?